माऊस त्यांच्याच हातात राहू द्या: सहकारी शिक्षकांना वर्गात तंत्रज्ञान वापरायला मदत करताना

आमची शाळा कोपरखैरणेत आहे. मराठी माध्यमाची, अनुदानित, पाचवी ते दहावी. मी ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने येते आणि विज्ञान शिकवते. गेली काही वर्षं स्टाफरूममध्ये ‘जरा इकडे बघ ना, हे होत नाहीये’ ही हाक बहुतेक वेळा मलाच येते. या कामासाठी मला कोणी नेमलेलं नाही. पण बहुतेक शाळांत अशी एखादी बाई किंवा सर असतातच. तुमच्या शाळेत ते तुम्ही असाल, तर हे तुमच्यासाठी लिहिते आहे.

सुरुवातीला मी जे चुकले ते आधी सांगते. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी सगळ्यांना संगणक कक्षात बसवलं आणि दोन तासांत चौदा ॲप्स दाखवली. सगळ्यांनी मन लावून ऐकलं, काहींनी वहीत लिहूनही घेतलं. सोमवारी एकाही वर्गात काही बदललेलं नव्हतं. दोष त्यांचा नव्हता. त्या चौदापैकी एकही गोष्ट कुणाच्या सोमवारच्या दुसऱ्या तासाशी जोडलेली नव्हती. पुढे जे काही जमलं, ते एका शिक्षकाचा एक तास धरून बसल्यामुळे जमलं. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच बेताने लिहिल्या आहेत.

आधी दोन आठवडे नुसतं ऐका

एक छोटी वही करा. स्टाफरूममध्ये, जिन्यात, डबा खाताना कोण कशाने वैतागतं ते त्यात लिहा. उपाय सुचवायचा मोह आवरा. माझ्या वहीत दोन आठवड्यांत जमलेल्या तक्रारी साधारण अशा होत्या: घरी टाइप केलेली प्रश्नपत्रिका शाळेच्या संगणकावर उघडली की अक्षरांचा चुथडा होतो. निकालपत्रकाची बेरीज जुळत नाही. टीव्हीला लॅपटॉप लावला की ‘नो सिग्नल’ येतं. नकाशा मागच्या बाकांना दिसत नाही. पोर्टलचा पासवर्ड कोणाकडे आहे तेच कळत नाही.

‘मला डिजिटल अध्यापन करायचं आहे’ असं त्यात कोणीच म्हणालेलं नव्हतं. यातल्या अर्ध्याहून जास्त तक्रारी तर वर्गाबाहेरच्या कामाच्या आहेत. तिथूनच सुरुवात करा. ज्या बाईंचे प्रश्नपत्रिकेमागे जाणारे तीन तास तुम्ही एका तासावर आणता, त्या बाई पुढे तुमच्या शब्दावर वर्गात काहीतरी नवं करून बघायला तयार होतात. आधी त्यांचा वेळ वाचवा.

प्रश्नपत्रिकेची अक्षरं बिघडतात तेव्हा

या विषयावर मी मुद्दाम जास्त लिहिते, कारण मराठी शाळेत सगळ्यात जास्त त्रास इथे होतो आणि त्याचं कारण फार कमी जणांना कोणी नीट सांगितलेलं असतं.

जुने मराठी फॉन्ट, म्हणजे श्रीलिपी, कृतिदेव वगैरे, एक युक्ती करत. संगणकाच्या लेखी फाइलमध्ये इंग्रजी अक्षरंच साठवलेली असत, फॉन्ट फक्त त्यांच्या जागी मराठी आकार दाखवत असे. तो फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसला की खालची इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं उघडी पडतात. फाइल बिघडलेली नसते, तिच्या अंगावरचा कपडा तेवढा काढून घेतलेला असतो. युनिकोड या सगळ्या यंत्रांना समजणाऱ्या पद्धतीत मात्र ‘क’ हा ‘क’ म्हणूनच साठवला जातो, त्यामुळे तो मोबाइलवर, शाळेत, छापखान्यात सगळीकडे ‘क’च राहतो. हे एवढं पाच मिनिटांत समजावून सांगितलं की पुढचं काम सोपं होतं. कारण कळल्याशिवाय पन्नाशीतला माणूस सवय बदलत नाही, आणि त्याने का बदलावी?

मग प्रत्यक्ष काम. विंडोज १० किंवा ११ असेल तर सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’ उघडा, भाषांच्या यादीत मराठी जोडा आणि तिच्या पर्यायांत जाऊन ‘मराठी फोनेटिक’ हा कीबोर्ड घ्या. आता विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबला की इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. इंग्रजी अक्षरांत उच्चारानुसार लिहीत गेलं की मराठी शब्द उमटतो. ज्यांनी टायपिंगच्या क्लासमध्ये इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेली कीबोर्डची मांडणी, शिकलेली आहे, त्यांना इनस्क्रिप्टच ठेवू द्या. त्यांची बोटं बसलेली असतात, ती मोडू नका.

जुन्या फॉन्टमधल्या फाइली कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणता येतात, पण आणल्यावर प्रत्येक ओळ डोळ्यांनी वाचायचीच. रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरं हमखास सरकतात. मराठीचं एक खास दुखणं म्हणजे ‘ऱ्य’. भूगोलाच्या पेपरात ‘दऱ्या’ लिहायचं असतं आणि छापून येतं ‘दर्या’, म्हणजे डोंगरांमधली जागा सोडून थेट समुद्र. त्यासाठी आधी ‘ऱ’, मग हलन्त, मग ‘य’ असं टाइप करायचं. आमच्याकडे हे वाक्य एका चिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवलेलं आहे.

ज्यांना टाइप करणंच जड जातं, त्यांच्यासाठी आवाज आहे. क्रोममध्ये गूगल डॉक्स उघडून टूल्समधलं ‘व्हॉइस टायपिंग’ चालू करा आणि भाषा मराठी निवडा, किंवा मोबाइलच्या जीबोर्डवर माइकचं चिन्ह दाबा. आमचे मराठीचे सर दोन-दोन बोटांनी टाइप करत. पहिल्यांदा आम्ही हे स्टाफरूममध्ये करून बघितलं. पंखा आणि चार जणांच्या गप्पा यांतून भलतेच शब्द उमटले आणि सर हिरमुसले. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर रिकाम्या प्रयोगशाळेत बसलो, दार लावलं, पंखा बंद केला. सरांनी आकलनाचा उतारा नेहमीच्या वाचनाच्या लयीत वाचला आणि तो जवळजवळ जसाच्या तसा पडद्यावर आला. विरामचिन्हं त्यांनी नंतर हाताने घातली. मशीन तेच होतं, फक्त जागा बदलली होती. तुमच्या सहकाऱ्याला एखादी गोष्ट पहिल्या खेपेला जमली नाही, तर आधी जागा आणि वेळ बदलून बघा.

छापील उतारा पुन्हा टाइप करत बसू नका. गूगल लेन्सने त्याचा फोटो घेतला की मजकूर कॉपी करता येतो. तोही तपासून घ्यायचाच. छपाईला पाठवताना वर्डची फाइल न देता पीडीएफ द्या, म्हणजे पानं आणि प्रश्नांचे गुण जागचे हलत नाहीत.

निकालपत्रकाबद्दल थोडक्यात दोनच गोष्टी. बेरजेला रकान्यांमध्ये अधिकचं चिन्ह टाकत जाऊ नका, एसयूएमचं (SUM) सूत्र वापरा. गैरहजर मुलासमोर ‘गै’ लिहिलेलं असलं की अधिकच्या चिन्हाने केलेली बेरीज चूक दाखवते, एसयूएम तो रकाना सोडून पुढे जातं. आणि ‘फ्रीझ पेन्स’ने नावांचा रकाना आणि वरची ओळ स्थिर करून द्या. साठ मुलांच्या यादीत खाली गेल्यावर भलत्याच मुलाचे गुण भलत्याच्या नावावर चढतात ते याने थांबतं.

वर्गखोल्या स्वतः फिरून बघा

कोणत्याही सहकाऱ्याला ‘उद्या टीव्ही लावून शिकवा’ म्हणण्याआधी त्या खोलीत जाऊन या. सॉकेट कुठे आहे, त्याला वीज येते का, एक्स्टेन्शन बोर्ड टेबलापर्यंत पोचतो का. दुपारच्या सत्रात पश्चिमेच्या खिडक्यांतून ऊन थेट पडद्यावर येतं, तेव्हा प्रोजेक्टरवरचं फिकट चित्र कोणालाच दिसत नाही. अशा खोलीत पडदा आतल्या भिंतीला घ्या किंवा तो तास सकाळच्या सत्रात ठेवा. शेवटच्या बाकावर स्वतः बसून वाचता येतं का ते बघा. स्लाइडवर एका वेळी पाच-सहा ओळींपेक्षा जास्त मजकूर असेल, तर मागच्यांसाठी तो नसल्यासारखाच आहे.

जोडणीत अडतं ते बहुतेक तीन ठिकाणी. एक, टीव्हीच्या रिमोटवर सोर्स बदललेला नसतो. दोन, लॅपटॉप चित्र बाहेर पाठवत नसतो: विंडोजचं बटण धरून ‘पी’ दाबायचं आणि ‘डुप्लिकेट’ निवडायचं. तीन, मोबाइल वायरने टीव्हीला लावायचा प्रयत्न. टाइप-सी ते एचडीएमआय वायर प्रत्येक मोबाइलला चालत नाही. मोबाइलमध्ये चित्र बाहेर पाठवायची सोय असावी लागते, आणि स्वस्त मोबाइलमध्ये ती सहसा नसते. त्यामुळे वायर विकत आणण्याआधी कोणाची तरी मागून करून बघा. आवाजासाठी ब्लूटूथ स्पीकरपेक्षा साधी ऑक्स वायर बरी. ब्लूटूथ शेजारच्या वर्गातल्या सरांच्या मोबाइलला जोडलं जातं आणि तासाची सात मिनिटं त्यातच जातात.

हे सगळं झाल्यावर प्रत्येक टीव्हीशेजारी एक कार्ड चिकटवा. त्यावरची भाषा तो टीव्ही वापरणाऱ्या बाईंचीच असू द्या. आमच्या एका कार्डावर लिहिलंय: ‘आधी बोर्डाचं बटण. मग काळी जाड वायर लॅपटॉपच्या डाव्या बाजूला. मग रिमोट, सोर्स, दुसरा एचडीएमआय.’ ‘इनपुट डिव्हाइस’सारखा एकही शब्द त्यावर नाही.

एक शिक्षक, एक घटक, तीन बैठका

हा या कामाचा गाभा आहे, म्हणून एक उदाहरण सविस्तर सांगते.

आमच्या भूगोलाच्या बाई घणसोली गावातल्या. नोकरीची पंचवीसेक वर्षं झालेली, वर्गावर जबरदस्त पकड, आणि संगणकाला हात लावायचा नाही हा पक्का नियम. नववीच्या भूगोलात ‘नागरीकरण’ हा पाठ आहे. बाई म्हणाल्या, ‘शहर कसं वाढतं ते मुलांना नुसतं सांगून कळत नाही गं.’ मला धरायला हेच वाक्य हवं होतं. गूगल अर्थमध्ये टाइमलॅप्स नावाची सोय आहे. उपग्रहांनी टिपलेली १९८४ पासूनची चित्रं वर्षानुवर्षं पुढे सरकताना दिसतात. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची, त्यामुळे नवी मुंबईची बरीचशी वाढ त्यात डोळ्यांसमोर होते.

पहिली बैठक बाईंच्या ऑफ तासाला, वीस मिनिटांची. मी खुर्ची त्यांना दिली आणि स्वतः शेजारी उभी राहिले, हात पाठीमागे. बाईंनी माऊस डावीकडे सरकवत नेला, तो टेबलाच्या कडेपाशी येऊन थांबला आणि बाण पडद्याच्या मध्येच राहिला. त्या थांबल्या. माझा हात आपोआप पुढे आला होता, तो मी मागे घेतला. ‘बाई, माऊस उचला आणि परत मध्ये ठेवा. उचलला की बाण हलत नाही.’ त्यांनी उचलला, ठेवला, बाण पुढे गेला. एवढी साधी गोष्ट इतक्या वर्षांत त्यांना कोणीच सांगितली नव्हती, कारण प्रत्येकाने त्यांच्या हातातून माऊस घेऊन काम उरकून दिलं होतं. मीसुद्धा दिलं होतं.

म्हणून माझा एकच कडक नियम झाला: माऊस त्यांच्याच हातात. आपण पाच सेकंदांत करतो ते काम त्यांना चार मिनिटं लागेल. ती चार मिनिटं त्यांचीच आहेत, ती घेऊ नका. बोटाने पडद्याकडे दाखवा, शब्दांत सांगा, पण हात लावू नका.

त्या दिवशी बाईंनी स्वतः शोधून खाडीचा काठ पडद्यावर आणला, वर्ष १९८४ वर नेलं आणि बराच वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, ‘ही आमच्या बाजूची खाजणं. आणि इथे भातखाचरं होती.’ चित्र जुन्या उपग्रहांचं, त्यामुळे घरं ओळखू येत नाहीत, नुसते रंगाचे पट्टे दिसतात. पण कोणता पट्टा कशाचा ते त्यांना पाठ होतं. तेव्हा मला कळलं की या तासात तंत्रज्ञानाची बाजू मी सांभाळायची आणि ते चित्र फक्त त्याच वाचू शकतात.

दुसरी बैठक तालमीची, रिकाम्या वर्गात, खऱ्या टीव्हीवर. शाळेच्या इंटरनेटचा भरवसा नव्हता, म्हणून आदल्या संध्याकाळी घरच्या वायफायवर मोबाइलच्या स्क्रीन रेकॉर्डरने टाइमलॅप्सचं दोन मिनिटांचं चित्रण करून लॅपटॉपवर घेतलं होतं. तालमीत आम्ही फक्त कुठे थांबायचं ते ठरवलं. तीन ठिकाणं ठरली: अगदी सुरुवातीचं वर्ष, मधलं एक, आणि उलव्याची टेकडी कापली जाताना दिसते तिथे. त्याच जागी आज नवी मुंबईचा विमानतळ आहे, ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. प्रत्येक थांब्यावर पुढचं दाखवण्याआधी एक प्रश्न: ‘आता हिरवं कुठे कमी होईल? वहीत बोटभर नकाशा काढून खूण करा.’ चलचित्राचं गुपित एवढंच आहे. मुलांनी आधी अंदाज केला तर ती बघतात, नाहीतर नुसती पाहत बसतात.

तिसरी बैठक म्हणजे खरा तास. मी शेवटच्या बाकावर बसले आणि उठायचं नाही असं आधीच ठरवलं होतं. एकदा चित्र अडकलं. बाईंनी कार्डाकडे बघितलं, स्पेसबार दाबला, सुरू झालं. आमच्या वर्गात माथाडी कामगारांच्या घरची मुलं बरीच, मूळची साताऱ्याकडची. त्यातल्या एकाने विचारलं, ‘बाई, आमची बिल्डिंग कधी उगवते?’ बाईंनी मागे नेऊन पुन्हा पुढे आणलं आणि तो पट्टा बोटाने दाखवला. मग वीस मिनिटं टीव्ही बंद होता आणि खाजण म्हणजे काय, बांध कसे घालत, आगरी हे नाव मिठागरांवरून कसं आलं, हे त्या सांगत होत्या. दोन मिनिटांच्या चित्रणाने केवढ्या गोष्टीचं दार उघडलं! ती गोष्ट बाईंकडे आधीपासून होती.

तासानंतर लगेच कौतुकाचा वर्षाव करू नका, सूचनाही देऊ नका. दोन प्रश्न विचारा: मुलं कुठे अडखळली? पुढच्या तुकडीला काय गाळाल? उत्तर त्यांनाच काढू द्या आणि ते टाचणात लिहून ठेवायला सांगा. पुढच्या वर्षी तो तास पुन्हा उभा राहतो तो त्या टाचणावरून.

मुलांकडे मोबाइल नाहीत, नेटही धड नाही

आमच्या बऱ्याच घरांत एकच मोबाइल असतो आणि तो वडिलांबरोबर सकाळी कामावर जातो. त्यामुळे ‘घरी लिंक बघून या’ हा गृहपाठ मी बंद करायला लावला. वर्गातही शिक्षकाच्या एका यंत्रावर भागेल अशाच गोष्टी निवडा.

सगळ्यात सोपी सुरुवात: ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ मोफत मिळतात. पुस्तकातली आकृती किंवा नकाशा मोठा करून टीव्हीवर दाखवणं हे पहिलं पाऊल म्हणून उत्तम. नवं काही शिकवायचं नसतं, हातात तेच पुस्तक असतं, आणि ‘पान चाळीसवरची आकृती बघा’ म्हटल्यावर साठ डोकी खाली जाण्याऐवजी वर बघतात. पुस्तकांत छापलेले क्यूआर कोड दीक्षा ॲपने उघडतात. २०१७ मध्ये आलेलं हे ॲप अजून पुष्कळांच्या मोबाइलमध्ये नुसतं पडून असतं. त्यातला मजकूर आधी डाउनलोड करून ठेवता येतो. २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज मिळालेले सोलापूरच्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले याच क्यूआर कोडसाठी ओळखले जातात. आपल्या ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळाही डिजिटल शाळा म्हणून राज्यभर पोचली. ही नावं सांगितली की स्टाफरूममध्ये ‘ते मोठे लोक’ असा सूर निघतो. तेव्हा मी एवढंच म्हणते की छापील पानाला आवाज जोडायचा हा विचार एका जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकाने केला होता.

विज्ञानाला फेट हा खजिना आहे. कोलोरॅडो विद्यापीठाची ही आभासी प्रयोगांची मालिका २००२ मध्ये नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी सुरू केली, आणि तिच्यातले अनेक प्रयोग मराठीत आहेत. एकेक प्रयोग डाउनलोड करून पेनड्राइव्हवरून नेटशिवाय चालवता येतो. नववीच्या ‘धाराविद्युत’ला मी आधी खरी बॅटरी, खरा दिवा घेते. मग फेटवर तारेतून सरकणारे इलेक्ट्रॉन दाखवते, कारण ते खऱ्या तारेत दिसत नाहीत. जे हातात घेता येतं ते पडद्यावर दाखवू नका, हे विज्ञानाच्या नव्या शिक्षकांना मी आवर्जून सांगते. भूमितीच्या शिक्षकांना आकृत्या काढून हलवून बघता येणारं जिओजेब्रा द्या, बाकी ते स्वतःच शोधतात.

पटकन चाचणी घ्यायची असेल तर प्लिकर्स. प्रत्येक मुलाला वेगळ्या नक्षीचं एक कागदी कार्ड मिळतं. उत्तराचं अक्षर वरच्या बाजूला येईल असं ते धरायचं, शिक्षकाने मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा, की कोणाचं उत्तर काय ते लगेच दिसतं. अक्षरं बारीक असल्याने शेजारच्याचं बघून कार्ड फिरवता येत नाही. नेहमीचा संच ४० कार्डांचा आहे, मोठ्या वर्गासाठी ६३ चाही आहे. कार्डं जाड कागदावर छापा. चकचकीत लॅमिनेशन करू नका, उजेड चमकून कॅमेऱ्याला नक्षी दिसत नाही. गणिताच्या बाईंना याचा फायदा वेगळाच झाला: कधीच हात वर न करणाऱ्या मागच्या बाकावरच्या तीन मुलींची उत्तरं सतत बरोबर येतात हे त्यांना पहिल्यांदा कळलं.

यूट्यूबचा व्हिडिओ दाखवायचाच असेल तर आदल्या दिवशी पूर्ण बघा, ॲपमध्ये डाउनलोड करा आणि चार-पाच मिनिटांचाच भाग निवडा. थेट चालवला की नको त्या क्षणी जाहिरात येते आणि वर्ग हातातून जातो.

बोलण्यात सांभाळायच्या गोष्टी

‘अहो, सोपं आहे’ हे वाक्य कायमचं सोडा. सोपी म्हटलेली गोष्ट जमली नाही की माणसाला आपणच कमी आहोत असं वाटतं. त्याऐवजी ‘मलाही हे दोनदा करावं लागलं होतं’ म्हणा, अर्थात ते खरं असेल तरच.

वरिष्ठांना मुलांसमोर दुरुस्त करू नका. वर्गात काही अडलं तर मुलांमधूनच दोघांना जोडणीची जबाबदारी द्या. आठवीतली दोन मुलं वायरी आणि रिमोट सांभाळतात, तास सुरू व्हायच्या आधी सगळं लावून जागेवर बसतात. मूल बाईंना मदत करतं हे सगळ्यांना छान वाटतं. दुसऱ्या शिक्षकाने वर्गात येऊन मदत केली की बाईंना अवघडल्यासारखं होतं.

आणि कोणी ‘मला नको’ म्हटलं तर विषय सोडून द्या. आमच्या संस्कृतच्या बाई फळा आणि खडू यांवर असं शिकवतात की मी दाराशी उभी राहून ऐकते. त्यांना फक्त प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये हवी होती, ती मिळाली, बस.

मुलांचे फोटो, नावं, खाती

इथे मात्र ढिलाई नको. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूल धरली आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. सहकाऱ्यांना सरळ शब्दांत सांगा: मुलांचे फोटो, गुणांची यादी, आधार क्रमांक, पालकांचे मोबाइल क्रमांक व्हॉट्सॲपच्या गटात टाकायचे नाहीत. एखाद्या ॲपमध्ये नावं भरायची वेळ आली तर हजेरी क्रमांक भरा. प्लिकर्सला तेवढं पुरतं. शाळेच्या संगणकावरून आपल्या ईमेलमधून बाहेर पडायची सवय लावा. पेनड्राइव्ह कॉमन असतो, त्यावर निकालपत्रक पडून राहू देऊ नका.

चॅटजीपीटी किंवा जेमिनीकडून सरावप्रश्न काढणारे शिक्षक आता पुष्कळ आहेत. वापरा, पण प्रत्येक गणित स्वतः सोडवून बघा आणि मराठी वाक्य मोठ्याने वाचून बघा. उत्तर चुकीचं असतानाही ते छातीठोक भाषेत येतं. मुलाचं नाव, त्याची घरची अडचण, यातलं काही त्यात लिहू नका.

बंद पडलं तर

तीन मिनिटं. तेवढ्यात सुरू झालं नाही तर खडू उचलायचा. हे प्रत्येक सहकाऱ्याला तालमीतच सांगून ठेवा आणि टाचणात ‘वीज नसेल तर’ अशी एक ओळ लिहायला लावा. पहिल्याच तासाला फजिती झाली तर पुढचं वर्षभर तो टीव्ही झाकलेला राहतो, म्हणून पहिल्या तासाला तुम्ही शेवटच्या बाकावर असणं महत्त्वाचं.

मुख्याध्यापकांकडे काय मागायचं

नवी यंत्रं मागू नका, वेळ मागा. वेळापत्रक बनतानाच पर्यवेक्षकांना भेटा आणि तुमचा आणि त्या महिन्यातल्या सहकाऱ्याचा आठवड्यातला एक ऑफ तास एकाच वेळी येईल असं बघा. त्या तासाला बदली तास लावू नये एवढं मान्य करून घ्या. खर्चाचं मागायचंच असेल तर दोन चांगले एक्स्टेन्शन बोर्ड, एक जास्तीची लांब एचडीएमआय वायर आणि कपाटाची किल्ली दोघांकडे. किल्ली एकाच माणसाकडे असल्यामुळे बंद राहिलेले प्रोजेक्टर मी बरेच पाहिले आहेत.

महिन्याला एकच सहकारी घ्या. वर्षात आठ-नऊ होतात. दिवाळीनंतर दुसऱ्या कोणाला तरी हे काम शिकवायला लागा, म्हणजे तुमची बदली झाली किंवा तुम्ही रजेवर गेलात तरी शाळेचं अडणार नाही. ते माणूस संगणकात हुशारच हवं असं नाही, शिकताना काय अडतं हे ज्याला ताजं आठवतंय असं हवं.

आमच्याकडे ते काम आता भूगोलाच्या बाईंकडे आहे. गेल्या आठवड्यात हिंदीचे नवे सर खुर्चीत होते, बाई शेजारी उभ्या होत्या, आणि सरांचा माऊस टेबलाच्या कडेला पोचला होता. बाईंनी दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले होते. ‘उचला,’ त्या म्हणाल्या, ‘आणि परत मध्ये ठेवा.’